गर्भारपणातील दातांची व हिरड्यांची निगा

गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंतच्या सु. ४० आठवड्यांच्या काळात स्त्रीच्या शरीरातील हॉर्मोनांचे (अंतःस्रावी ग्रंथींतून सरळ रक्तात मिसळणाऱ्या स्रावांचे) प्रमाण बदलते, तसेच तिचा आहार व दिनक्रमही बदलतो. या सर्वांचा परिणाम मुखावर होतो. हिरड्या सुजणे, त्यांतून रक्त येणे, दात आंबणे व किडणे या तक्रारी या काळात इतक्या सर्रास आढळतात की, त्या गर्भारपणाचाच एक भाग समजून सोडून दिल्या जातात. वस्तुतः त्यांपैकी बहुतेक टाळता येण्यासारख्या असतात व ज्या टळत नाहीत त्यांवर गर्भारपणातच निर्धोकपणे उपचार करता येतात.

प्रत्येक मुलामागे आईचा एक दात जातो, ही समजूत यूरोपात फार पूर्वीपासून रूढ आहे. आपल्याकडेही पोटातील मूल स्वतःच्या हाडांसाठी आईच्या दातांतील चुना ओढून घेते, असे अनेक स्त्रिया मानतात. ही समजूत चुकीची आहे. दंतवल्कात (दाताच्या कठीण बाह्य आवरणात) रक्तवाहिन्या नसतात आणि दात पूर्ण तयार झाल्यावर त्यात जिवंत पेशीही उरत नाहीत. हाडात ज्याप्रमाणे झीज व भर सतत चालू असते त्याप्रमाणे ती दंतवल्कात होत नाही. त्यामुळे त्यातील कॅल्शियम रक्तात परत जाण्यास मार्गच नसतो. पूर्ण दिवसांच्या अर्भकाच्या शरीरात सु. ३० ग्रॅ. कॅल्शियम असते व त्याचा बहुतांश भाग शेवटच्या तीन महिन्यांत साठतो. ही गरज मुख्यत्वे आईच्या आतड्यातील कॅल्शियमाचे शोषण जवळजवळ दुप्पट होऊन भागते. आहार अपुरा असल्यास तूट हाडांतून भरून काढली जाते, दातांतून नव्हे. दूध, नाचणी, तीळ, काट्यांसह खाल्ले जाणारे लहान मासे हे पदार्थ गर्भवतीच्या आहारात अवश्य असावेत, परंतु त्यांमुळे किडलेला दात भरून येत नाही. या समजुतीमुळे होणारे नुकसान निराळेच आहे. दात जाणे अटळच आहे असे एकदा ठरले, म्हणजे तो वाचविण्याची खटपट कोणी करीत नाही.

दात किडण्याची खरी कारणे साधी आहेत. भूक वरचेवर लागल्याने दिवसातून अनेकदा थोडेथोडे खाल्ले जाते. डोहाळ्यांमुळे आंबट व गोड पदार्थ, तसेच दातांना चिकटून राहणारा गूळ अधिक खाल्ला जातो. अशा प्रत्येक खाण्यानंतर दातांवरील जंतू शर्करेपासून अम्ल तयार करतात. त्यातच मळमळीमुळे दात घासणे नकोसे होते. लहान तोंडाचा मऊ ब्रश व फेस कमी करणारी पेस्ट वापरली आणि सकाळी उठल्याबरोबर न घासता मळमळ ओसरल्यावर दात घासले, तर ही अडचण बरीच कमी होते.

वांत्यांचा परिणाम याहून वेगळा असतो. जठररस तीव्र अम्लधर्मी आहे आणि तोंडातील द्रवाचे पीएच मूल्य (अम्लता दर्शविणारे मूल्य) सु. ५.५ च्या खाली गेल्यास दंतवल्क विरघळू लागते. वारंवार उलट्या होणाऱ्या स्त्रीत वरच्या पुढील दातांची टाळूकडील बाजू विशेष झिजते. अशा वेळी लगेच दात घासण्याची प्रवृत्ती स्वाभाविक असली, तरी ती अपायकारक आहे, कारण अम्लाने मऊ पडलेला थर ब्रशने खरवडून निघतो. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा मिसळून त्याने चूळ भरावी व दात सु. एक तासानंतर घासावेत.

हिरड्यांतील बदल : गर्भारपणातील मुखविकारांत हिरडीशोथ (हिरडीची दाहयुक्त सूज) सर्वांत जास्त आढळतो. दुसऱ्या महिन्याच्या सुमारास हिरड्या लालसर व फुगीर दिसू लागतात, ब्रश लागताच रक्त येते आणि हा त्रास आठव्या महिन्यापर्यंत वाढत जाऊन प्रसूतीनंतर ओसरतो. ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनांमुळे हिरडीतील सूक्ष्म रक्तवाहिन्या विस्फारतात व त्यांची पारगम्यता वाढते. मात्र केवळ हॉर्मोनांमुळे हिरडी सुजते असे नाही. हाराल्ड लो व सिल्नेस यांनी १९६३–६४ मध्ये गर्भवती व नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रियांची तपासणी केली. गर्भारपणात दातांवरील प्लाकचे (जंतूंच्या चिकट थराचे) प्रमाण फारसे वाढलेले नसतानाही हिरडीची प्रतिक्रिया अधिक तीव्र असते, असे त्यांना दिसून आले. १९६५ साली लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना दात घासणे थांबविण्यास सांगितले, तेव्हा दोन-तीन आठवड्यांत सर्वांना हिरडीशोथ झाला आणि पुन्हा घासू लागताच तो आठवड्याभरात नाहीसा झाला. दोन्ही निरीक्षणे एकत्र पाहिली म्हणजे उलगडा होतो. शोथाचे मूळ प्लाकमध्ये असते व हॉर्मोने त्याची धार वाढवितात. कॉर्नमन व लोश यांनी १९८० मध्ये आणखी एक दुवा दाखविला. गर्भारपणाच्या मधल्या तीन महिन्यांत प्लाकमधील ज्या एका जंतूचे प्रमाण वाढते, तो आपल्या वाढीसाठी याच हॉर्मोनांचा उपयोग करू शकतो.

यावरून गर्भवतीने काय करावयाचे हे ठरते. रक्त येते म्हणून बहुतेक स्त्रिया ती जागा घासणे सोडतात. त्यामुळे थर वाढतो व रक्तही अधिक येते. रक्त येत असले तरी मऊ ब्रश हिरडी व दात यांच्या सांध्यावर तिरपा धरून दिवसातून दोनदा हळुवारपणे घासणे हाच त्यावरील उपाय आहे. कीटण साचले असल्यास ते ब्रशने निघत नाही. ते दंतवैद्याकडून काढून घ्यावे लागते.

काही थोड्या गर्भवतींमध्ये दोन दातांमधील हिरडीतून, बहुधा वरच्या जबड्यात पुढच्या बाजूस, लालभडक व सहज रक्त येणारी गाठ वाढते. तिला गर्भारपणातील अर्बुद असे म्हणत असले, तरी तो कर्करोग नव्हे. प्रसूतीनंतर ती बहुधा आपोआप आक्रसते. चावताना अडथळा होत असेल किंवा रक्त थांबत नसेल, तरच ती आधी काढतात.

तंबाखू : महाराष्ट्रात अनेक स्त्रिया मिश्रीने (भाजलेल्या तंबाखूच्या पुडीने) दात घासतात आणि दातदुखी थांबते म्हणून ती दिवसातून अनेकदा लावतात. मिश्रीने दुखणे बधिर होते, कीड तशीच राहते. ती तोंडात धरल्याने निकोटिन रक्तात जाते व वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या मुलांचे जन्मवजन सरासरीने सु. १०५ ग्रॅ. कमी आढळले व अकाली प्रसूतीचे प्रमाणही अधिक दिसले. मिश्रीला व्यसन न मानता दंतमंजन मानले जाते, म्हणून गर्भवतीला तंबाखूविषयी विचारल्यास ती ‘नाही’ असेच सांगते. मिश्रीविषयी वेगळे विचारावे लागते.

उपचार : दाताला हात लावल्यास गर्भाला धोका होईल या भीतीने उपचार प्रसूतीनंतरवर ढकलले जातात. ही भीती निराधार आहे. ढकलण्यात मात्र धोका आहे. दाताच्या मुळाशी झालेला पू जबड्याखालून गळ्याकडे पसरल्यास श्वासमार्ग दबून प्राणावर बेतू शकते. असा दात कोणत्याही महिन्यात काढावा. तातडी नसलेल्या कामांसाठी चौथा ते सहावा महिना सोयीचा असतो. भूल देण्याची नेहमीची इंजेक्शने चालतात. जबड्याच्या क्ष-किरण चित्रणात गर्भापर्यंत पोहोचणारी प्रारणमात्रा नगण्य असल्याने आवश्यक असेल तेव्हा ते करावे. शेवटच्या महिन्यांत उताणे झोपविल्यास वाढलेल्या गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर पडून चक्कर येते, म्हणून उजव्या कुशीखाली उशी देऊन रुग्णाला थोडे डावीकडे वळवितात.

औषधांच्या बाबतीत विवेक हवा. वेदनेसाठी पॅरासिटामॉल व संसर्गासाठी पेनिसिलीन गटातील औषधे (त्यांची अधिहर्षता नसल्यास) वैद्याच्या सल्ल्याने देता येतात. आयबुप्रोफेन व त्यासारखी वेदनाशामके विसाव्या आठवड्यानंतर गर्भाच्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. तरीही दात दुखल्यावर दुकानातून आणून सर्वप्रथम तीच घेतली जातात. दुधाचे दात गर्भावस्थेच्या सहाव्या आठवड्यापासून घडू लागतात व चौथ्या महिन्यात त्यांत चुना साठू लागतो. त्यानंतर आईला टेट्रासायक्लीन दिल्यास मुलाच्या दातांवर पिवळसर-तपकिरी डाग कायमचे राहतात.

हिरडीचा रोग व अकाली प्रसूती यांचा संबंध अमेरिकेतील ऑफेनबाखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविला, तेव्हा हिरड्यांवर उपचार केल्यास अशा प्रसूती टळतील अशी आशा निर्माण झाली. पुढे अमेरिकेतच ८२३ गर्भवतींवर केलेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा लाभ आढळला नाही. मात्र उपचारांनी हिरड्या सुधारल्या व माता किंवा मूल यांना त्यांपासून अपाय झाला नाही, हेही तीत स्पष्ट झाले. प्रसूतिपूर्व तपासणीत वजन, रक्तदाब, रक्त व लघवी पाहिली जाते. तोंड उघडावयास सांगणे बहुधा राहून जाते.

बाळंतपणानंतर हिरड्यांची सूज उतरली, तरी आईच्या तोंडातील किडके दात तसेच राहतात. दात किडविणारे जंतू मुलाच्या तोंडात जन्मतः नसतात. ते बहुधा आईच्या लाळेतून, घास चाखून पाहिलेल्या चमच्याने किंवा तिने चावून मऊ केलेल्या घासातून येतात. त्यामुळे मुलाचा पहिला दात दिसण्यापूर्वी आईचे किडलेले दात भरून किंवा काढून घ्यावेत.