गंजून बसलेली डिस्क कशी सोडवावी?

पुण्याचा पावसाळा संपून आश्विनाचें ऊन पडूं लागलें, कीं पेठांतील जुन्या वाड्यांच्या कड्या-कोयंड्यांना तेल द्यावें लागतें. चार महिने दमट हवेंत राहिलेलें लोखंड गंजतें, आणि एका बोटानें सरकणारी कडी हातोड्यावांचून हलत नाहीं. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मोटारीच्या चाकांतहि हीच क्रिया चालू असते. मात्र ती डोळ्यांना दिसत नाहीं. ब्रेकची झिजलेली डिस्क बदलण्याची वेळ येते, चाक उतरतें, सर्व बोल्ट निघतात, आणि तरीहि डिस्क जागची हलत नाहीं, तेव्हां मालकाला तिचा प्रत्यय येतो.

डिस्क-ब्रेकची रचना मुळांत सोपी आहे. चाकाबरोबर फिरणारी बिडाची जाड तबकडी म्हणजे डिस्क. कॅलिपर नांवाचा चिमटा तिला दोन्ही बाजूंनीं पॅडांमध्यें दाबून धरतो, आणि घर्षणामुळें गाडीच्या गतीचें उष्णतेंत रूपांतर होतें. इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९०२ सालीं अशा ब्रेकचें पेटंट घेतलें होतें. परंतु १९५३ सालीं फ्रान्समधील ल मान्सची शर्यत डिस्क-ब्रेक लावलेल्या जग्वार गाडीनें जिंकली, तेव्हां त्याचा बोलबाला झाला. आज लहानशा मोटारीच्याहि पुढच्या चाकांना हेच ब्रेक असतात.

डिस्कचा मधला, टोपीसारखा भाग चाकाच्या हबवर बसतो. चाकाचे नट आवळले म्हणजे चाक, डिस्क आणि हब हीं तिन्ही एकत्र जखडलीं जातात. म्हणजे चाक आणि कॅलिपर काढल्यावर डिस्कला धरून ठेवणारें फारसें कांहीं उरत नाहीं. फार तर एकदोन लहान स्क्रू. मग ती निघत कां नाहीं? कारण लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षां दुपटीहून अधिक जागा व्यापतो. कात्रज किंवा खंबाटकीचा घाट उतरतांना डिस्क तापते, पुढें पावसाच्या पाण्यानें भिजते, आणि डिस्क व हब यांमधील बारीक फटींत गंज फुगत जातो. बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवितो आणि ती थंड होऊन आवळते. तेथें आवळणें हेतुपूर्वक असतें, येथें तें गंज करतो.

अशा वेळीं पहिला मोह होतो तो मोठा हातोडा उचलण्याचा. परंतु डिस्कवर घातलेला प्रत्येक घाव हबच्या आंतील बेअरिंगपर्यंत पोंचतो. त्याच्या गोळ्यांचे खळगे कड्यांवर उमटले, तर पुढें चाक घरघर करूं लागतें, आणि एका डिस्कच्या कामांत बेअरिंगचा खर्च वाढतो. शक्तीपेक्षां युक्ति श्रेष्ठ हें वचन या कामाला तंतोतंत लागू पडतें.

युक्तीचा आरंभ सुरक्षिततेपासून होतो. गाडी सपाट जागीं उभी करून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगडाचा अगर लाकडाचा अटकाव लावावा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच थोडे सैल करावे, आणि जॅकनें उचललेली गाडी लगेच मजबूत घोडीवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं हात घालूं नये. कॅलिपर काढल्यावर तो तारेनें बांधून टांगावा. रबरी नळीवर त्याचा भार पडला तर नळीला आंतून इजा होते. कॅलिपर ज्या कंसावर बसतो तो कंस डिस्कला अडवीत असेल, तर तोहि सोडवावा. मागच्या चाकांत कित्येक गाड्यांना डिस्कच्या टोपीच्या आंत हँडब्रेकचे बूट असतात. तेथें हँडब्रेक सोडून बूट मागें घेतल्याशिवाय डिस्क निघत नाहीं, आणि दोष मात्र गंजाला दिला जातो.

नंतर लहान स्क्रू. त्याच्या खाचेंत नेमका बसणारा पेचकस घ्यावा. हातोड्याच्या ठोक्याबरोबर फिरणारा पेचकस मिळाल्यास उत्तम. नाना पेठेंतील सुट्या भागांच्या बाजारांत अशीं हत्यारें मिळूं शकतात. खाच बिघडलीच, तर डोकें ड्रिलनें कापून काढावें लागतें.

आतां डिस्क. हबच्या मध्यभागीं आणि स्टडांभोंवतीं गंज सैल करणारें तेल सोडावें व त्याला मुरण्यास वेळ द्यावा. पुष्कळ डिस्कांच्या टोपीवर आट्यांचीं दोन रिकामीं भोंकें असतात. तीं याच कामासाठीं ठेवलेलीं असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट घालून दोन्ही आळीपाळीनें थोडेथोडे आवळावे. बोल्टांचीं टोंकें हबवर टेकून डिस्कला सरळ बाहेर ढकलतात. मधून मधून स्टडांच्या मधल्या जागेवर हलके ठोके द्यावे आणि डिस्क फिरवावी, म्हणजे गंजाचा थर सर्व बाजूंनीं तुटतो. बीड ठिसूळ असतें, त्याची कपची उडते. म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. ज्वाळेनें तापविण्याचा मार्ग येथें टाळावा, कारण जवळच बेअरिंगचें ग्रीस, रबरी नळी आणि चाकाची गति मोजणारी तार असते. शिवाय ओतलेलें तेल पेट घेतें.

डिस्क निघाली, कीं काम संपलें असें बहुतेकांना वाटतें, आणि खरी चूक तेथेंच होते. हबवर उरलेला गंजाचा कण नव्या डिस्कला किंचित् कलती बसवितो. डिस्कच्या कडेचें डोलणें मिलिमीटरच्या कांहीं शतांश भागांपलीकडे गेलें, तर कालांतरानें ब्रेक दाबतांना पायाखालीं धडधड जाणवूं लागते. म्हणून हब तारेच्या ब्रशानें चकचकीत होईपर्यंत घासावें. नव्या डिस्कवरील संरक्षक तेल पुसावें, एकाच आंसावरील दोन्ही डिस्का व सर्व पॅड एकदम बदलावे, आणि नट फुलीच्या क्रमानें ठराविक जोरानें आवळावे. गाडी हलविण्यापूर्वीं ब्रेकचा पायटा पुनःपुन्हां दाबून घट्ट झाल्याची खात्री करावी. कॅलिपरचा दट्ट्या मागें ढकललेला असल्यामुळें पहिल्या दाबांत तो खालपर्यंत जातो.

वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ सालीं स्थापन झालेली संस्था मोटारींची परीक्षा घेते. परंतु घरीं बसविलेल्या डिस्कची परीक्षा कोणतीहि संस्था घेत नाहीं. ती मालकालाच घ्यावी लागते. भाड्याच्या गाडींत बसलेल्या माणसाला आणि घाटाच्या वळणावर समोरून येणाऱ्या अनोळखी कुटुंबाला त्या डिस्कच्या मागें उरलेला गंज दिसत नसतो. तो ज्याला दिसला, त्यानेंच तो खरडून काढावयाचा असतो.