घरगुती सुतारकाम : स्टेपलर घ्यावा कीं नेलर?

शेतकऱ्याच्या घरीं सुतारकाम बारमाही निघतें. खुराड्याची जाळी फाटते, खिडकीला डासांची जाळी बसवावयाची असते, जुन्या खुर्चीची गादी उसवते. आणि सुतार तर नेमका गरजेच्या वेळीं मिळत नाहीं. यामुळें अलीकडे पुष्कळ शेतकरी बंधु विजेवर, बॅटरीवर किंवा हवेच्या दाबावर चालणारीं ठोकणीचीं यंत्रें घरीं आणूं लागले आहेत. अशीं यंत्रें मुख्यत्वें दोन : एक स्टेपल मारणारें, तो स्टेपलर, व दुसरें चुका मारणारें, तो नेलर, ज्यास दुकानदार नेल गन म्हणतात. दोहोंपैकीं प्रथम कोणतें घ्यावें, असें आम्हांस वारंवार विचारण्यांत येतें. आमचें उत्तर असें कीं, काय धरून ठेवावयाचें आहे तें आधीं पाहावें. यंत्राचा विचार मागाहून.

हें शहाणपण आम्हांस फुकट मिळालेलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मळ्यांतील खुराड्यास नवी तारेची जाळी बसवितांना, स्टेपल म्हणजे कागद टांचण्याची वस्तु आणि खिळा तो खिळा, अशा समजुतीनें आम्हीं नेलर वापरला. घरगुती नेलर ज्या बारीक चुका मारतो त्यांना डोकें जवळ जवळ नसतेंच. जाळीची तार अडकून राहावी असें त्यांत कांहीं नव्हतें. कांहीं चुका तारेशेजारून नुसत्याच लांकडांत गेल्या, कांहींनीं तार कशीबशी धरली. बाहेरून काम मोठें नीटनेटकें दिसत होतें! आठवड्याच्या आंत एका रात्रीं रानमांजरानें खालचा कोपरा ओढून काढला, आणि सकाळीं अकरा कोंबड्या मेलेल्या सांपडल्या. चूक एकहि उपटलेली नव्हती. जाळी तेवढी चुकांवरून निघून आली होती. दोष यंत्राचा नव्हे, आमचा.

स्टेपलला दोन पाय असतात व त्यांना जोडणारी एक आडवी पाठ असते. पाय लांकडांत शिरतात आणि पाठ बाहेर राहून खालची वस्तु दाबून धरते. म्हणून तारेची जाळी, कापड, रेग्झीन, शेडनेट, प्लॅस्टिकचा कागद, पातळ प्लायवूड अशा ज्या ज्या वस्तु पातळ असून सुटून येण्याचें भय असतें, त्यांना स्टेपलच योग्य. चुकेचें काम निराळें आहे. ती लांकडाला लांकूड जोडते, आणि आंत गेल्यावर मागें केवळ एक लहानसें छिद्र ठेवते. तें लांबी भरून बुजविलें म्हणजे दिसतहि नाहीं. चौकटीवरील पट्ट्या, कपाटाच्या कडा, भिंतीलगतच्या लांकडी पट्ट्या येथें तिची बरोबरी स्टेपलला करतां येत नाहीं. कारण त्याची पाठ उघडी राहून डोळ्यांत खुपते, व अरुंद पट्टींत दोन पाय एकाच शिरेवर बसले तर पट्टी चिरते.

डासांच्या जाळीची चौकट घेतली तर दोन्हींचें काम एकाच ठिकाणीं पाहावयास मिळतें. चौकटीचे चार सांधे स्क्रूनें आवळावे. नंतर जाळी एका बाजूस स्टेपलनें पकडून, समोरची बाजू ताणून, मग उरलेल्या दोन बाजू माराव्या. कोपऱ्यांपासून आरंभ केला तर मधें सुरकुत्या पडतात. म्हणून प्रत्येक बाजू मध्यापासून कोपऱ्याकडे नेत जावी. शेवटीं स्टेपल झांकतील अशी पट्टी वर ठेवून ती चुकांनीं बसवावी. जाळी धरली स्टेपलनें, शोभा आणली चुकेनें.

वजन मात्र या दोहोंपैकीं कोणावरहि टाकूं नये. घरगुती नेलरची चूक बहुधा १८ गेजची, म्हणजे सुमारें सव्वा मिलिमीटर जाडीची असते. (गेजचा आंकडा जितका मोठा तितकी तार बारीक, ही उलटी रीत नवख्यास नेहमीं फसविते.) धान्याच्या डब्यांची फळी, बिजागरी, फाटक, गोठ्याची गव्हाण यांना स्क्रू किंवा बोल्टच पाहिजे.

मापें ओळखणें कठीण नाहीं. चुकांच्या पेटीवर एफ३० असें असलें तर लांबी ३० मिलिमीटर समजावी. स्टेपलच्या पेटीवर ८०१० असें असलें तर पहिले दोन आंकडे जातीचे व शेवटचे दोन पायाच्या लांबीचे, म्हणजे १० मिलिमीटर. यंत्र ज्या जातीचें असेल त्याच जातीचे स्टेपल त्यांत चालतात, हें खरेदीच्या वेळींच विचारून घ्यावें. वरच्या पट्टीच्या जाडीच्या तिप्पट चूक घ्यावी असा सुतारांचा ठोकताळा आहे. पण खालचें लांकूड पातळ असेल तर टोंक पलीकडे निघेल, तेव्हां तेथें तो सोडावा. स्टेपल लांकडाच्या शिरांना तिरपा मारावा, म्हणजे दोन पाय दोन निराळ्या शिरांत जातात व लांकूड फाटत नाहीं.

आपल्याकडील बाभळीचें किंवा जुन्या सागाचें लांकूड मोठें हट्टी असतें. हातानें दाबावयाचा स्टेपलर त्यावर अर्धाच बसतो; तेथें यंत्राचा खरा उपयोग. हवेचें यंत्र बहुधा दर चौरस सेंटिमीटरला ४ ते ७ किलो दाबावर चालतें. प्रथम टाकाऊ तुकड्यावर कमी दाबानें मारून पाहावें व मग वाढवावें, परंतु यंत्रावर लिहिलेली मर्यादा ओलांडूं नये. दाब अधिक झाला तर स्टेपलची पाठच कापडास कापते. गोठ्यांत, खुराड्यांत व कोंकणच्या खाऱ्या हवेंत साधी तार लवकर गंजते. तेथें जस्ताचा मुलामा दिलेली, आणि ऐपत असल्यास स्टेनलेस स्टीलची तार घ्यावी. बाभळीच्या ओलसर लांकडांत साध्या लोखंडाभोंवतीं काळे डागहि पडतात.

आतां खरेदीविषयीं. वर्षाकाठीं दोन-चार हात जाळी लावणाऱ्यानें हाताचाच स्टेपलर घ्यावा. यंत्राच्या भरीस पडूं नये. काम याहून अधिक असेल तर शेतकऱ्याच्या घरीं प्रथम यंत्राचा स्टेपलर यावा असें आमचें मत आहे, कारण आपलीं बहुतेक कामें जाळीचीं व कापडाचीं असतात. घर बांधावयास काढलें असेल तर गोष्ट वेगळी. एकाच यंत्रांतून चुका व स्टेपल दोन्ही मारण्याची सोय असते खरी, परंतु त्यांतील स्टेपल बहुधा अरुंद पाठीचे, सुमारें ६ मिलिमीटरचे, असतात. प्लायवूडला ते चालतात. कापडाला व जाळीला त्यांची पकड अपुरी पडते.

घरांत मुलें असतील तर विशेष जपावें. लांकडांतील गांठ लागली म्हणजे चूक वळून बाजूनें बाहेर येते, म्हणून धरणारा हात चुकेच्या लांबीहून बराच दूर ठेवावा. डोळ्यांवर चष्मा असावा. जोडकामांतहि, घोड्यावर बोट ठेवून यंत्र एका जागेवरून दुसऱ्या जागीं नेऊं नये. आंत चूक अडकली तर आधीं हवेची नळी किंवा बॅटरी काढावी, आणि मगच तोंड उघडावें.