सायकलचा विमा नाही, मग भरपाई कोण देणार?

भिवंडीत अंजूरफाट्यावरून काल्हेर-कशेळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोदामांचे कंटेनर, टेम्पो आणि लूमच्या पाळीला निघालेल्या कामगारांच्या सायकली एकमेकांना खेटूनच चालतात. सायकल चेपली की भरपाईचा विषय बहुधा एका वाक्यात मिटवला जातो: सायकलचा विमाच नाही, तर मागायचं कुणाकडे? प्रश्नच उलटा आहे. सायकल कायद्याने मोटार वाहन नाही, म्हणून तिला ना नोंदणी लागते, ना विमा. सक्ती आहे ती ट्रकवर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार तृतीय पक्ष विम्याशिवाय वाहन रस्त्यावर आणता येत नाही आणि त्यातला तृतीय पक्ष म्हणजे हाच सायकलवाला. त्याने हप्ता भरलेला नसतो, तरी चूक ट्रकची असेल तर त्याचा हक्क त्या पॉलिसीवर चालतो.

यावर आक्षेप येतो, की हा विमा मृत्यू आणि जखमांपुरताच असतो. तसं नाही. त्यात मालमत्तेचं नुकसानही येतं. सायकल येते, तिच्यावर लादलेला मालही येतो. मूळ कायद्यात विमा कंपनीवरची ही जबाबदारी फक्त ६,००० रुपयांची होती. प्रचलित पॉलिसीत मोटारी आणि ट्रकसाठी ती साडेसात लाखांपर्यंत, तर दुचाकीसाठी एक लाखापर्यंत असते; हप्ता वाचवण्यासाठी मालक ती ६,००० वर आणू शकतो. साध्या सायकलच्या दुरुस्तीला तेवढेही बहुधा पुरतात आणि वरची रक्कम वाहनमालकाकडून मागता येते. मात्र जुन्या सायकलच्या बदल्यात नवी मिळेल ही आशा धरू नये. दुरुस्तीचा खर्च, किंवा अपघाताआधी तिला बाजारात जी किंमत आली असती ती, हाच हिशेब.

‘सायकलवाला उलट्या बाजूने येत होता’ असं म्हटलं की दावा संपला, हाही गैरसमज. दोघांचा दोष असेल तर सायकलवाल्याच्या दोषाच्या प्रमाणात रक्कम कापली जाते. चूक सर्वस्वी त्याचीच असेल तरच हात रिकामे राहतात. खरी अडचण वेगळी आहे. दोन-तीन हजारांच्या सायकलसाठी ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापर्यंत कोण जाईल? हा आक्षेप रास्त आहे. नुसती सायकल मोडली असेल तर वाहनमालकाशी लेखी तडजोड बरी. पण इजाही झाली असेल, तर सायकलची रक्कम त्याच अर्जात मागता येते, आणि अर्ज राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही चालतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे. म्हणून गाडीचा नंबर, मोडक्या सायकलचे फोटो, पोलिसांतली नोंद आणि दुरुस्तीचं बिल सुरुवातीलाच गोळा करावं. कलम १६० नुसार भरपाई मागणाऱ्याला त्या वाहनाची माहिती आरटीओ किंवा पोलीस ठाण्याकडून मिळवता येते.

धडक देणारं वाहन सापडलंच नाही, तर मात्र सायकलवाला खरोखर अडतो. अशा अपघातांसाठीच्या सरकारी योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात, सायकलला काहीच नाही. उरतो तो स्वतःचा विमा. काही गृहविमा पॉलिसींत पेडल सायकलचा वेगळा विभाग असतो. पण भाड्याच्या खोलीत राहणारा लूम कामगार घराची पॉलिसी कशाला घेईल?