बिनतारी पेटी आणि घरातली तार

नवे घर लावताना देवघर कुठे, कपाट कुठे, ओटा कोणत्या दिशेला, याचा खल आपण चार वडीलधाऱ्यांना विचारून करतो. वाय-फायची पेटी मात्र जोडणीला आलेला मुलगा जिथे भोक पाडील तिथे बसते. बहुधा ती जागा दाराआडची किंवा टीव्हीच्या मागची असते. मग आतल्या खोलीत नातीचा अभ्यास अडतो, परदेशातल्या मुलाशी बोलताना आजींना त्याचा चेहरा मध्येच गोठलेला दिसतो, आणि खापर फुटते कंपनीवर.

वास्तविक लहरींनाही स्वभाव असतो. घरगुती वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. पहिली लहर भिंतीपलीकडे बरी पोचते, पण तिचा वेग कमी. दुसरी वेगवान, पण एक-दोन भिंतींतच थकते. लोखंडी कपाट आणि आरसा लहर परतवतात, माशांची टाकी ती शोषून घेते, सळ्यांचा स्लॅब तिला बराच अडवतो. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालत असल्याने तिच्याशेजारी ही पेटी नको.

तेव्हा खिळा ठोकण्याआधी कागदावर घराचा नकाशा काढावा. कोण कुठे बसून काम करतो, याच्या खुणा कराव्यात. घराच्या मध्याजवळ, पाच-सहा फूट उंचीवर, उघड्यावर अशी जागा उत्तम. पेटी तिथे तात्पुरती ठेवून फोन हातात घेऊन घरभर हिंडावे. फोनमधले मोजणीचे साधन उणे ५० च्या आसपास आकडा दाखवत असेल तर उत्तम, उणे ६७ पर्यंत काम भागते, उणे ८० म्हणजे जागा चुकली.

अनेक घरांत खरी धास्ती असते ती लहरींच्या अपायाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले, हे खरे. पण हा गट पुरावा अपुरा असल्याचे सांगणारा आहे. आता हिशेब पाहा. पेटीतून १०० मिलीवॅट शक्ती चहूकडे पसरते असे धरले, तर एक मीटरवर दर चौरस मीटरला सुमारे ८ मिलीवॅट पोचतात. आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे १० वॅट, म्हणजे हजारपटीहून जास्त. अंतर दुप्पट केले की तीव्रता चौथाईवर येते. तरीही मन खात असेल, तर पाळण्याशेजारी किंवा उशाशी पेटी ठेवू नये. एवढ्याने भागते.

गंमत अशी, की बिनतारी यंत्राचा धोका तारेत असतो. ही पेटी दिवसरात्र चालू राहते. तिचा अॅडॅप्टर पडद्यामागे, कपड्यांखाली कोंडला तर तापतो. एका एक्स्टेंशनला दुसरे जोडणे टाळावे. दारातून आडवी गेलेली वायर म्हाताऱ्या माणसांचा पाय अडकवते. भिंतीतल्या वायरी सहसा बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा बाजूला गेलेल्या असतात. तिथे ड्रिल लावू नये आणि काम करताना मेन स्विच बंद ठेवावा. विजा चमकत असताना प्लग काढून ठेवावा. जोडणी तांब्याच्या तारेची असेल तर तीही काढावी. काचतंतूतून वीज येत नाही, पण त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून उघड्या टोकात डोकावू नये, मुलांना डोकावू देऊ नये.

आणखी एक कुलूप राहिले. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठवलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या असुरक्षित वाय-फायमधून गेल्याचे तपासात आढळले. तिथल्या रहिवाशाला चौकशीला तोंड द्यावे लागले. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित करण्याविषयी सूचना काढल्या. आपल्या लहरी भिंत ओलांडून जिन्यापर्यंत जातात, हे लक्षात ठेवावे. पेटीसोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ हा प्रकार निवडावा आणि पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवावे.

हे सारे एका रविवारच्या दुपारचे काम. नकाशा मुलांना काढायला द्यावा, मोजणी मोठ्यांनी करावी. आणि वायरीचे काम? ते मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. तिथे हौस नको.