मारहाणीचा फोन आणि पोलिसांचे काम



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या शेतकी खात्याच्या माणसांच्या कानावर टोळ्यांच्या कोप्यांवरची भांडणेही येतात. नवरा बायकोला मारतो, कुणीतरी पोलिसांना फोन लावतो, आणि उत्तर येते, "घरचा मामला आहे, आपसात मिटवा." नाहीतर, "आपल्या गावाकडं जाऊन तक्रार द्या." ही दोन्ही उत्तरे कायद्याला धरून नाहीत. (आपल्या वस्तीवरच्या घरांनाही कायदा तोच आहे, कोपीचाच काही वेगळा नाही.)

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे, अशी खबर मिळालेल्या पोलीस अधिकाऱ्याने त्या बाईला सांगितलेच पाहिजे की, मॅजिस्ट्रेटकडे संरक्षणाचा हुकूम मागता येतो, मदतीला संरक्षण अधिकारी असतो, वकील फुकट मिळू शकतो आणि छळाची फिर्यादही देता येते. हे त्याच्या मर्जीवर सोडलेले नाही.

खरी मेख पुढेच आहे. साधी चापट-बुक्की अदखलपात्र धरली जाते. ठाण्यात एन.सी. लिहून कागद हातात देतात आणि बाई पुन्हा त्याच घरात! पण नवऱ्याने वा सासरच्यांनी केलेला छळ, म्हणजे पूर्वीचे ४९८-अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५, तिने स्वतः किंवा तिच्या नातेवाइकाने खबर दिली तर दखलपात्र होतो. म्हणून शेजाऱ्याने ११२ ला फोन तर करावाच, पण तिच्या भावाला-बापालाही लगेच कळवावे. "फोन केला तर आपल्यावरच केस होईल" असे पुष्कळ सभासद म्हणतात. संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही खबर देऊ शकतो, आणि ती सद्हेतूने दिली असेल तर देणाऱ्यावर काही जबाबदारी येत नाही, असे याच कायद्यात लिहिले आहे.

हद्दीची सबबही आता चालत नाही. दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्याने लिहून घ्यायची आहे. संरक्षणाचा अर्जही बाई तात्पुरती राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे चालतो, म्हणजे टोळीतल्या बाईला हंगामात गावी जायला नको.

ठाण्याने दखलपात्र गुन्ह्याची खबर घेतलीच नाही, तर तीच लेखी जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवावी, आणि तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा. फोन किती वाजता केला ते लिहून ठेवावे, पोस्टाची पावतीही जपावी.