हरुडी: पाय असलेल्या देवमाशांचा किनारा

कच्छच्या पश्चिम टोकाला, लखपत तालुक्यातल्या हरुडी गावाच्या परिसरात वेड्या बाभळी चुकवत चालताना जुन्या नाण्यांसारख्या चपट्या चकत्या पायाखाली येतात. ही समुद्रातल्या एकपेशीय जीवांची कवचे. पावसासाठी आसुसलेल्या या मुलखावर इओसीन काळात, सव्वाचार कोटी वर्षांपूर्वी, उथळ, उबदार समुद्र पसरला होता. सह्याद्रीचा लाव्हा थिजून तोवर दोन कोटींहून अधिक वर्षे लोटली होती.

इथले थर खालून वर वाचत जावेत. जवळच्या पानंध्रोच्या खाणीत लिग्नाइट आहे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या दलदलीत गाडली गेलेली झाडे. त्याच खाणीत २००५ मध्ये मोठाले मणके सापडले. आधी ते मगरीचे वाटले. पुढे आयआयटी रुरकीच्या देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी ते एका अजस्र सापाचे असल्याचे दाखवले. २७ मणक्यांवरून त्याची लांबी ११ ते १५ मीटर असावी, असा अंदाज आहे. २०२४ मध्ये त्याचे नामकरण झाले, ‘वासुकी इंडिकस’.

साप गाजला, पण माझ्या मते इथला खरा ठेवा आहे तो वरच्या, समुद्र आत शिरल्यावर साचलेल्या चिखलाच्या थरांत. अशोक साहनी आणि विजयप्रकाश मिश्रा यांनी १९७५ मध्ये कच्छच्या आदिम देवमाशांचे सविस्तर वर्णन केले. त्यातल्याच एकाच्या शास्त्रीय नावात आज हे गाव आहे: ‘रेमिंग्टोनोसेटस हरुडिएन्सिस’. लांब, निमुळता जबडा, बारीक डोळे आणि चार पाय. गढूळ पाण्यात तो नजरेपेक्षा कानांच्या भरवशावर शिकार करत असावा. त्याच्या कानातल्या, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका मात्र आक्रसलेल्या होत्या. जमिनीवर चपळाईने धावायचे तर त्या मोठ्या लागतात. म्हणजे पाय शाबूत असतानाच या प्राण्याचे शरीर पाण्याचे झाले होते! त्याचाच भाऊबंद ‘कच्छिसेटस’ जेमतेम अडीच मीटरचा, पाणमांजरासारख्या बांध्याचा.

या चिखलाच्या थरांच्याही वर फुलराचा चुनखडक. तो त्या चकत्यांनी खच्चून भरला आहे.

इजिप्तच्या वादी अल हितानमधले देवमासे कच्छच्या या देवमाशांनंतरचे, पाय खुरटलेले. त्या वाळवंटाला २००५ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. त्याआधीचा अध्याय ज्या मातीत आहे, त्या हरुडीलाही तसेच संरक्षण मिळायला हवे. तोवर जाणाऱ्यांनी हिवाळ्यात जावे, जाणकाराला सोबत न्यावे आणि दगड जागचा हलवू नये. जीवाश्म कोणत्या थरात होता हे कळले नाही, तर त्याचे वय ठरवणे फार अवघड होते.