विजेवर दुभणारी गाय

मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात पडतं. १९२७ पासून ती वीज मुंबईला जाते. मुंबईकडून एक माल मात्र उलटा घाट चढून पुण्यात येतो. तो म्हणजे वाशीच्या ‘ब्रिट’ संस्थेचा, शिशाच्या जाड कवचातला टेक्नेशियम जनरेटर. अणुवैद्यक विभागांत त्याला ‘गाय’ म्हणायची जगभरची रीत आहे. सलाइन सोडायचं नि तिचं ‘दूध’ काढायचं.

या गाईच्या पोटात असतं मोलिब्डेनम-९९, अर्धायुष्य ६६ तास. त्यातून टेक्नेशियम-९९एम तयार होत राहतं, त्याचं अर्धायुष्य अवघं सहा तास. हाडांत पसरलेला कर्करोग, हृदयाच्या स्नायूंचा रक्तपुरवठा, मूत्रपिंडांचं काम यांची चित्रं त्याच्या गॅमा किरणांवर निघतात. साठवण मात्र अशक्य, कारण आठवडाभरात गाईत जेमतेम सहावा हिस्सा उरतो.

जगातल्या बहुतेक गाई अणुभट्टीत युरेनियम फोडून जन्मतात. मे २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची अणुभट्टी गळतीमुळे बंद पडली, ती ऑगस्ट २०१० पर्यंत. देशोदेशी रुग्णांच्या स्कॅनच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या. मग अणुभट्टीवाचून गाय मिळवायच्या खटपटीला जोर आला.

त्यातली एक वाट इलेक्ट्रॉन प्रवेगकाची. वेगवान इलेक्ट्रॉन टंगस्टनसारख्या जड धातूवर आदळले की तीव्र क्ष-किरण निघतात. ते मोलिब्डेनम-१०० च्या केंद्रकातून एक न्यूट्रॉन उडवतात, उरतं ते मोलिब्डेनम-९९. त्यासाठी किरणांना किमान ८.३ एमईव्ही ऊर्जा हवी. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातल्या मायक्रोट्रॉन या प्रवेगकाचे इलेक्ट्रॉन साधारण ६ एमईव्हीचे. पदार्थांवरच्या संशोधनाला ते उत्तम, पण हा उंबरठा त्यांना ओलांडता येत नाही. कर्करोगोपचाराची ‘सिद्धार्थ’ यंत्रं बनवणाऱ्या ‘समीर’ या सरकारी संस्थेने म्हणूनच ३० एमईव्हीचा रेषीय प्रवेगक विकसित करण्याचं काम हाती घेतलं.

अडचण दुधाच्या पातळपणाची. भट्टीत मोलिब्डेनम युरेनियमपासून वेगळं काढता येतं. इथे कच्चा माल मोलिब्डेनम, पक्का मालही मोलिब्डेनमच! रसायनाने ते दोन निवडता येत नाहीत. थोड्या किरणोत्सारासाठी ढीगभर धातू वागवावा लागतो नि मोलिब्डेनम धरून ठेवणारा जनरेटरमधला नेहमीचा चिमुकला ॲल्युमिनाचा स्तंभ अपुरा पडतो. इथे आपली जुनी विद्या कामी येते. मिथिल इथिल किटोन या द्रावकाने टेक्नेशियम ओढून घेण्याची पद्धत भारतात पूर्वीपासून वापरात आहे. दुसरी अडचण कच्च्या मालाची. निसर्गातल्या मोलिब्डेनमात ‘१००’चा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी, त्यामुळे तो समृद्ध करून घ्यावा लागतो. तो महाग पडतो, पण पुन्हा वापरता येतो.

यात युरेनियम नाही, त्याचा दीर्घकाळ धगधगणारा कचरा नाही. बटण बंद केलं की किरण थांबतात. असं यंत्र रुग्णालयांच्या जवळच्या शहरातही बसवता येईल, आणि वाटेत आटणारं दूध वाचेल. मुळशीने जवळजवळ शंभर वर्षं मुंबईला वीज दिली. विजेवर दुभणारी गाय मात्र घाटाच्या या बाजूलाही बांधता येईल.